दुसरा हात वाळेना

१८ एप्रिल

आज आमच्या घरात तह झाला. चार वर्षं चाललेलं पुणे-महाड युद्ध एकदाचं अटींवर आलं.

झालं असं, की आमच्या मुलाच्या, अनिशच्या पुण्यातल्या सोसायटीत सातव्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा होतो आहे. मालक श्रावणापर्यंत थांबायला तयार आहे. मी ह्यांना म्हटलं, मी शाळेतून सुटले, तुम्ही कारखान्यातून सुटलात, आता दोघं मिळून ह्या नदीतून सुटू. तर हे म्हणाले, मग माडी कशाला बांधली?

माडी म्हणजे गच्चीवर चढवलेली एक ऐसपैस खोली. खाली पाणी भरलं तर वर बसता यावं म्हणून. भिंती झाल्या, छत झालं, खिडक्या बसल्या. जमीन तेवढी राहिली आहे आणि ती ह्यांना लाकडाची करायची आहे. महाडात. जिथे पावसाळ्यात पापड तळून ताटात पडेपर्यंत मऊ होतो, त्या महाडात. सगळा जन्म एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काढला, दुसऱ्यांच्या लाकडाला चकाकी दिली, आता स्वतःचं लाकूड हवं म्हणे.

शेवटी असं ठरलं : श्रावण लागायच्या आत माडी राहण्याजोगी झाली, तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढायचं नाही. नाही झाली, तर हे मुकाट्याने माझ्याबरोबर सातव्या मजल्यावर येणार. दोघांनी देवासमोर सुपारी ठेवली.

मी मनातून निश्चिंत आहे. ह्यांनी आजवर हाती घेतलेलं घरचं एकही काम ठरल्या वेळेत झालेलं नाही. बाथरूमचा नळ अजून दोरीने बांधलेला आहे.

३ मे

फळ्या आल्या. पोलादपूरकडे एक जुनं गोदाम पाडलं, त्याच्या सागवानी तुळया चिरून घेतल्या आहेत. वरंधचा सोमा सुतार त्या बसवतो आहे. काम बरं करतो, पण तोंड हातापेक्षा जोरात चालतं.

आज तेलावर परिषद भरली. ह्यांनी डबल बॉइल आणायचं ठरवलं आहे. डबल बॉइल म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं, उकळलेलं जवसाचं तेल. सोमाला ते पसंत नाही. त्याचं म्हणणं, "भाऊ, ट्रकाचं जळकं ऑइल मारा. वाळवी काय, पाव्हना पन येनार नाय." शेजारच्या साळूबाई शिलाईचं मशीन सोडून मुद्दाम वर आल्या आणि करंजेल सुचवून गेल्या. त्यांच्या माहेरी बैलाच्या खांद्याला तेच लावतात. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी फरशी म्हटलं असतं.

१२ मे

पहिला हात झाला.

खोटं कशाला लिहू, हे काम करताना बघण्यासारखे होते. अर्ध्या चड्डीत, गुडघ्यांखाली उशा (माझ्या), हातात सुती फडकं (माझी जांभळी साडी, न विचारता फाडलेली). एकेका फळीला तेल चोळायचं, चहा प्यायला लागतो तेवढा वेळ थांबायचं आणि मग कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढायचं. सोमाने एका कोपऱ्यात थोडं चमकत ठेवलं, तर त्याला असे बोलले की तो बिचारा दुपारी जेवायला वरंधला जातो म्हणून गेला तो संध्याकाळीच उगवला. "लाकडाला तेल पाजायचं असतं, आंघोळ घालायची नसते," हे ह्यांचं आजचं वाक्य. तीनदा ऐकलं.

माझा बिडाचा तवाही असाच आहे. तेलाचं बोट फिरवून पुसून घेतलं तर काळाभोर गुळगुळीत होतो, जास्त झालं तर जन्मभर चिकट. पण तव्याबद्दल मी काही बोलले नाही. शास्त्र चालू होतं.

तेलाची फडकी मी बादलीत बोळा करून टाकली, तर हे ओरडत धावत आले. बोळा करून ठेवली तर आतल्या आत तापून पेट घेतात म्हणे. मग सगळी फडकी माझ्या कपड्यांच्या दोरीवर एकेक सुटी पसरली. गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस वर बघून आमच्या गरिबीची चौकशी करत होता.

१५ मे

वाळली. हाताला काही लागत नाही.

हे बाजारात गेले असताना मी वर जाऊन आले. चपला खाली काढून ठेवल्या. खालच्या फरशीवर सकाळी पहिलं पाऊल टेकताना माझ्या टाचेत कळ येते, ती इथे आली नाही. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि फळ्यांचा रंग मधासारखा झाला होता. सुंदर दिसत होती. लिहायलाच हवं, ही वही माझी आहे.

म्हणजे हे जिंकणार असं दिसतं आहे. दुसरा हात दिला की झालं. अनिशला फोन करून म्हटलं, मालकाला अजून थोपवून ठेव, पण फार आशा ठेवू नकोस. तो म्हणाला, आई, तुझा आवाज का असा येतोय? मी म्हटलं, रेंज नाही.

८ जून

काल दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. हे दुसऱ्या हाताचं तेल आणायला गेले होते. मी एकटी.

एकवीस सालच्या जुलैत आमच्या खालच्या घरात पाणी पंख्याच्या पात्यांना लागलं होतं. त्याच दिवसांत तळीयेत दरड कोसळून अख्खी वाडी गेल्याची बातमी आली. त्यानंतर पाऊस जोरात सुरू झाला की माझे हात आपोआप कामाला लागतात. कागदपत्रांची बॅग काढते, औषधं भरते, देवातला बाळकृष्ण पदराला बांधते. काल ते सगळं घेऊन मी जिन्यात, मधल्या पायरीवर जाऊन बसले. नदी दूर होती, गल्लीत पावलाएवढंही पाणी नव्हतं. मला ते दिसत होतं. तरी उठता येईना.

हे आले तेव्हा मी तशीच बसलेली. बॅग मांडीवर, बाळकृष्ण पदरात. ह्यांनी छत्री मिटली, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन चहा केला. साखर विसरले होते. आम्ही दोघांनी तो जिन्यातच बसून प्यायला.

आता लाज वाटते आहे. सदतीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला. नकाशावर त्याच नदीवर छडी ठेवून उभी राहायचे.

१० जून

दुसरा हात झाला. आणि काय सांगू.

सकाळी ह्यांनी सोमाला सुट्टी दिली. म्हणाले, आज मी एकटाच करीन. मी चहा घेऊन वर गेले तर हे मगाने भरभरून तेल ओतत होते आणि झाडूने पसरत होते. झाडूने! आंघोळच चालली होती. मी दारात उभी राहिले. मनात म्हटलं, आता पुसतील, मग पुसतील. हे मागे सरकत सरकत दाराशी आले, शीळ वाजवली, दार लोटलं आणि जेवायला बसले. वाटाण्याची उसळ दोनदा मागून घेतली.

पुसायचं विसरले. तिसांवर वर्षं ह्याच कामात गेलेला माणूस महिन्याभरात विसरला. वय झालं, दुसरं काय.

आता माझी पंचाईत. ताबडतोब सांगितलं असतं तर अर्ध्या तासात पुसून झालं असतं. शब्द अगदी तोंडापर्यंत आले होते. मी त्यांच्यावर उसळ घातली आणि गिळून टाकले. तहात कुठेही असं लिहिलेलं नाही की एका पक्षाने दुसऱ्याच्या चुका दाखवायच्या.

१४ जून

चिकट.

हे सकाळी बोट लावून बघतात, बोटाकडे पाहतात आणि म्हणतात, "अं, दमट हवा." एवढंच. चिडत नाहीत, सोमाला शिव्या देत नाहीत, दुकानदाराला फोन करत नाहीत. ह्या माणसाने एकदा पोस्टाच्या डिंकाबद्दल वरिष्ठ कार्यालयाला पत्र लिहिलं होतं. आता एवढा शांत. निवृत्तीनंतर माणसं मऊ होतात म्हणतात ते खरं असावं.

१८ जून

काल संध्याकाळी माडीवरचा दिवा चालू राहिला आणि पावसाळी वाळवी उठली. पंखवाली. सगळी दिव्याला आली, पंख टाकून चालती झाली आणि ते पंख आमच्या जमिनीला चिकटून बसले. सकाळी दार उघडलं तर मधासारख्या सागवानाला अंगभर खवले आले होते.

हे खाली शेव खात बसले होते. म्हणाले, राहू दे, निसर्ग आहे. मला राहवेना. दाराशी फळी टाकली, तिच्यावर पालथी पडले, वाचायचा चष्मा लावला आणि भुवया कोरायच्या चिमट्याने एकेक पंख उचलायला लागले. थोड्या वेळाने हेही आले, दुसऱ्या फळीवर पालथे पडले. दुपारपर्यंत आम्ही तसेच पडून होतो. ह्यांना मध्येच त्यांच्या कारखान्यातला कुणीतरी आठवला, जो डुलकी लागून रंगाच्या पिंपात बसला होता. मी इतकी हसले की चिमटा तेलात पडला.

साळूबाई भाकरीचं पीठ मागायला आल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "काय गो बाय, ह्या वयात काय शोधताव दोगं?"

मी पंख वेचले ते केवळ घाण दिसत होती म्हणून. जमीन वाळते का नाही ह्याच्याशी माझा काही संबंध नाही.

२९ जून

साळूबाईंनी आज भाताचा तूस आणला होता, वर पसरायला. तेल शोषून घेईल म्हणाल्या. मी त्यांच्यावर खेकसले. म्हटलं, ते काय लोणचं आहे का? त्या बिचाऱ्या तूस घेऊन परत गेल्या. नंतर वाईट वाटलं आणि घावन देऊन आले.

अनिशचा फोन होता. म्हणाला, बाबा मला विचारत होते, सातव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर आईने काय करायचं, बाल्कनी कुठल्या दिशेला आहे, आणि तिथे सकाळी दूधवाला वर येतो का. मी म्हटलं, काढताहेत खुसपटं. हरायची वेळ आली की असंच करतात. कॅरममध्येही बोर्डावर पावडर कमी आहे म्हणतात.

ह्यांनी रंधा, पटाशी, सगळी हत्यारं सोमाला देऊन टाकली. विचारलं तर म्हणाले, जागा अडते.

७ जुलै

श्रावण जवळ आला. जमीन तशीच. हात लावला की सोडत नाही. मी जिंकत चालले आहे.

आज घावन करताना तवा पुसला आणि हात थांबला. हे समोरच बसले होते. सांगावं का? टर्पेंटाईनने वरचं चिकट काढायचं, मग पातळ हात द्यायचा, पुसायचं. अजून वेळ आहे. मी म्हटलं, "अहो." हे म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "चटणी हवी का?"

पुण्याला अनिशची मुलगी दिशा आहे. नात दिवसातून दोनदा आजी म्हणून हाक मारील. पाऊस पडला तर खिडकी लावायची आणि टीव्ही बघायचा. मला हे हवं आहे. गेली चार वर्षं हवं आहे. मग अपराध्यासारखं का वाटतं कळत नाही.

माडीवर माझी खाट पश्चिमेच्या खिडकीला लावली तर ऊन डोळ्यांवर येईल. उत्तरेला बरी. म्हणजे, लावायची असती तर.

१६ जुलै

काल काय झालं ते आज लिहिते आहे, काल पाठ टेकायला फुरसत नव्हती.

रात्रभर पाऊस होताच. सकाळी सावित्री नदी इशाऱ्याच्या पातळीवर गेली आणि दुपारी नगरपालिकेचा भोंगा वाजला. सगळी आळी एकदम बाहेर आली. गाड्या वरच्या रस्त्याला निघाल्या, माणसं डबे, गाद्या, सिलिंडर घेऊन इकडेतिकडे बघायला लागली. आमच्या ह्या टोकाला माडी फक्त आमची.

हे गल्लीत उभे राहून म्हणाले, "आणा सगळं वर. आमची जमीन ओली आहे, पण ती काय, जमीन आहे." एक क्षणही विचार केला नाही. साळूबाईंचं मशीन स्वतः खांद्यावर घेऊन जिना चढले. माझ्या मनात आलं, तीन महिने ज्या माणसाने त्या खोलीत मांजर येऊ दिलं नाही तो हा.

आणि मी काय केलं? मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडत होते. "चपला खाली! आधी पेपर टाका! मशीन ओढू नका, उचला! त्या कोपऱ्यात नको, तिथल्या लाकडाच्या रेषा चांगल्या आहेत!" शाळेच्या पटांगणावर ओरडायचे तसं. घरातली सगळी रद्दी पसरली, तीवर पिठाचे डबे, लोणच्याच्या बरण्या, कुणाच्या मुलीच्या लग्नाची भांडी, सोमाने वरंधहून धावत येऊन चढवलेला आमचाच फ्रीज. मग आम्ही सगळेच वर बसलो. मी चहा केला. कुणी बिस्किटं काढली. साळूबाई पाय पोटाशी घेऊन म्हणाल्या, "बाई, तुमच्या जिमिनीन माजं लुगडं धरलं हाय. सोडत नाय." त्या उठल्या तेव्हा खरोखरच आवाज झाला. सगळे हसले, मीसुद्धा.

पाणी गल्लीच्या कोपऱ्यावर आलं, आमच्या खालच्या पायरीला लागलं आणि संध्याकाळी फिरलं. मला तेव्हा आठवलं की मी बॅग काढलीच नव्हती. बाळकृष्ण खाली देवातच होता. घाबरायचं राहून गेलं.

१७ जुलै

सामान उतरलं. पेपर नाही उतरले. जमिनीने ते धरून ठेवले होते. सोलून काढले तर शाई मागे राहिली. सगळ्या खोलीभर उलटी अक्षरं. दाराशी बाजारभाव, मध्ये राशिभविष्य आणि उत्तरेला, जिथे माझी खाट येणार होती तिथे, कुणा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं अख्खं पान. हसरा चेहरा, गॉगल, हार, सगळं जसंच्या तसं लाकडावर उठलं आहे. सोमा म्हणाला, "राहू द्या बाई, मोठा मानूस हाय, काम व्हईल."

ह्यांनी दारात उभं राहून सगळ्यावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "संपलं. हरलो मी. अनिशला सांग, येतोय म्हणून." आणि तडक जाऊन माळ्यावरून सूटकेस काढली. धूळ झटकली. अगदी उत्साहात.

म्हणजे मी जिंकले. ज्याची चार वर्षं वाट पाहिली ते झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि मला रडू आलं. कुकरच्या चार शिट्ट्या होऊन गेल्या तरी उठले नाही. हा माणूस त्या लाकडासाठी गुडघ्यावर बसला होता आणि मला एका वाक्यात ते वाचवता आलं असतं.

दुपारी गेले वर. हे पुढाऱ्याच्या गॉगलवर नख घासत बसले होते. मी सांगून टाकलं. "तुम्ही दुसरा हात पुसला नाहीत. मला त्याच दिवशी कळलं होतं. मुद्दाम बोलले नाही."

हे म्हणाले, "मलाही कळलं होतं."

मला वाटलं, लाज राखायला म्हणताहेत. मी म्हटलं, कळलं होतं तर पुसलं का नाहीत?

"कालिंदी, तेल वाळवायचाच पगार घेतला मी जन्मभर. मला नाही कळणार?" मग पुन्हा नख घासायला लागले. "त्या दिवशी तू जिन्यात बसली होतीस. देव पदरात घेऊन. तेव्हाच ठरवलं, पुण्याला जायचं. पण मी नुसतं चल म्हटलं असतं तर तू आली असतीस? म्हणाली असतीस, माझ्यासाठी नका येऊ. तिथे जाऊन रोज माझ्या तोंडाकडे बघत बसली असतीस. म्हणून म्हटलं, हरूया."

मी भयंकर चिडले. मग सगळं एकदम आलं. सागवानाचं वाटोळं केलंत, माझी साडी फाडलीत, मला महिनाभर चोरासारखं जगायला लावलंत, दिवसभर पालथं पाडून पंख वेचायला लावलेत, साळूबाईंवर मी खेकसले. हे ऐकत होते. मध्येच म्हणाले की पंख वेचायला मी नाही सांगितलं, तू आपणहून पडलीस. ते खरं होतं, त्यामुळे आणखी राग आला.

शेवटी मी म्हटलं, "मला भीती वाटते हो." हे मी आजवर त्यांना कधी ह्या शब्दांत सांगितलं नव्हतं. पुणे बरं, पुण्यात दवाखाने बरे, नात आहे, असंच सांगत आले.

"मलाही वाटते," हे म्हणाले. "दर भोंग्याला. चार वर्षं झाली."

ह्यांना भीती वाटते हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी म्हटलं, मग इथे राहायचं म्हणून एवढं भांडलात कशाला?

हे म्हणाले, "इथे सगळी आळी एकदम घाबरते. तिथे सातव्या मजल्यावर मी एकटाच घाबरीन. कुणाला सांगू, लिफ्टमनला?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि जमिनीवर बसले ती साडीसकट चिकटले.

२० जुलै

टर्पेंटाईनचा डबा संपला, दुसरा आणला. तीन दिवस दोघंही गुडघ्यांवर आहोत. राशिभविष्य निघालं. भाव निघाले. पुढाऱ्याचा गॉगल गेला, दात अजून आहेत. सोमाने रंधा आणि पटाशी परत आणून दिली आणि हसून म्हणाला की त्यानं ती वापरलीच नव्हती, भाऊ मागतील म्हणून. काल संध्याकाळी पहिल्या भिंतीलगतच्या फळ्यांना पातळ हात दिला. मी चोळत होते, हे मागून पुसत होते. आज तिथे हात ठेवला, सुटला.

श्रावणाच्या आत काही सगळं होत नाही. म्हणजे तहाप्रमाणे हे हरलेच. ह्यांनी आज सकाळी स्वतःच आठवण करून दिली, शब्द तो शब्द म्हणाले, आणि सूटकेस दारातच उभी आहे.

संध्याकाळी मी अनिशला फोन केला. म्हटलं, त्या मालकाला सांग, दुसरं गिऱ्हाईक बघ. दिशाला घेऊन गणपतीला या, तोवर वर झोपायची सोय होईल. तो हळूच म्हणाला, आई, बाबा जवळ आहेत का? त्यांनी गळ घातली का तुला? ते जिंकले म्हणून तू नाइलाजाने राहते आहेस का?

मी म्हटलं, "ते हरले रे. जिंकले मी. आणि जिंकणाऱ्याने ठरवायचं, कुठे राहायचं ते."